बोनस डी ड्राइव्हमध्ये नाही

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून प्लास्टिकचं पाकीट चिकटवलेलं असायचं, पाकिटात सीडी असायची आणि मुखपृष्ठावर लाल गोळ्यात ‘सोबत सीडी मोफत’ असं छापलेलं असायचं. पुस्तक वाचायचं राहिलं तरी कोणी जाब विचारत नसे. मोफत सीडी मात्र त्याच दिवशी बघितली जायची. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या ‘रॅपिडेक्स’बरोबर आधी कॅसेट यायची, पुढे सीडी येऊ लागली. स्पर्धा परीक्षेचं गाइड, प्रिंटर, मदरबोर्ड, लग्नाचा अल्बम, अगदी मोबाइलसुद्धा... एके काळी कशाबरोबर सीडी येत नव्हती याचीच यादी छोटी झाली असती. आणि सीडीच्या मागोमाग प्रश्न येतोच : यात आणखी काहीतरी आहे म्हणतात, ते कुठे आहे?

शहरात हा प्रश्न पुतण्याला विचारतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत तो चौकातल्या दुकानात येतो. तालुक्याचं ठिकाण अहेरी असलं तरी रस्ते फुटतात आलापल्लीला : एक अहेरीकडे, एक सिरोंच्याकडे, एक एटापल्लीकडे, एक भामरागडकडे आणि एक आष्टीवरून गडचिरोली-चंद्रपूरकडे. जिल्ह्याचं ठाणं शंभरावर किलोमीटर. त्यामुळे इथल्या कंप्युटरच्या दुकानाच्या फलकावर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म अशी लांबलचक यादी असते. सीडीतल्या फाइली शोधून देणं फलकावर नसतं आणि त्याचे पैसेही कोणी देत नाही. ‘बघून द्या ना जी जरा’ या खात्यात ते काम मोडतं.

गिऱ्हाईक दुकानात असतं तोवर गोष्ट सोपी. दुकानदाराच्या कंप्युटरवर फाइल सापडते, गिऱ्हाईक समाधानाने मान हलवतं आणि साठ-पासष्ट किलोमीटर मागे भामरागडला जातं. तिथे शाळेतला कंप्युटर वेगळा, ग्रामपंचायतीतला वेगळा, पुण्याला शिकणाऱ्या मुलाने सुट्टीत आणलेला लॅपटॉप आणखीच वेगळा. मग फोन येतो. दुकानदाराला मराठी येते, तेलुगू येते, हिंदी तर येतेच, गोंडी-माडिया कामापुरती आणि मुलचेऱ्याकडच्या गिऱ्हाइकांमुळे थोडी बंगालीही येते. कंप्युटर मात्र यातलं काही बोलत नाही.

सीडीसोबतच्या सूचनापत्रकाचं पहिलं वाक्य असतं, ‘माय कंप्युटर उघडा आणि डी ड्राइव्हवर क्लिक करा.’ ज्याने हे लिहिलं त्याच्या टेबलावरच्या कंप्युटरची हार्डडिस्क एकसंध असणार. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली, सी हार्डडिस्कला, म्हणून सीडी डीवर. आपल्याकडे कंप्युटर नागपुराहून किंवा चंद्रपुराहून असेंबल करून आणतात, आणि असेंबल करणारा हार्डडिस्कचे चार वाटे केल्याशिवाय तो हातात देत नाही. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाचं, ईमध्ये गाणी, एफमध्ये सिनेमे. सीडीच्या वाट्याला जी येतो. गिऱ्हाईक पत्रकावर विश्वास ठेवून डी उघडतं आणि फोनवर आनंदाने सांगतं, ‘भाऊ, सापडला बोनस! पण यात तं आमच्याच पोरीच्या बारशाचे फोटो आहेत.’

पत्रकातलं ‘माय कंप्युटर’ही फार टिकलं नाही. विंडोज व्हिस्टा आली आणि ‘माय’ गेलं, नुसतं ‘कंप्युटर’ उरलं. पुढे ८.१मध्ये त्याचं ‘धिस पीसी’ झालं. यंत्र एकच, घर तेच. मालकी तेवढी हळूहळू काढून घेतली. छापील पत्रक बिचारं जुन्याच नावाने हाका मारत बसतं.

म्हणून अनुभवी दुकानदार फोनवर ‘विंडोज कोणती?’ असं विचारत नाही. उत्तर ‘डेल’ असं येतं, ‘काळी’ असंही येतं. तो विचारतो, ‘खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसून राहिलं?’ हिरवं बटण आणि त्यावर ‘स्टार्ट’ म्हटलं तर एक्सपी. गोल बटण म्हटलं तर व्हिस्टा किंवा सेव्हन. ‘काहीच नाही जी’ म्हटलं तर २०१२ची विंडोज एट, कारण त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. जगभर इतकी ओरड झाली की २०१३मध्ये ८.१ आणून ते परत बसवावं लागलं. ‘चौकोनी खिडकी आहे’ म्हटलं तर ८.१ किंवा टेन. आणि ‘कोपऱ्यात त्रेचाळीस डिग्री लिहून आहे’ असं उत्तर आलं तर २०२१ची विंडोज इलेव्हन. तिने स्टार्ट मधोमध सरकवून कोपरा हवामानाला दिला आहे. त्रेचाळीस डिग्री हे आलापल्लीकराला कंप्युटरने सांगायची गरज नव्हती, पण निदानाला उपयोगी पडतं.

‘खाली काही नाही, वरच्या कोपऱ्यात चावलेलं सफरचंद आहे’ असं उत्तर आलं की दुकानदार खुर्ची ओढून बसतो.

त्याचं कारण असं की ॲपलच्या मॅकला ए-बी-सी-डी माहीतच नाही. तिथे सीडी टाकली की पडद्यावरच तिचं चित्र उगवतं आणि ते उघडायचं. हे खरं तर जास्त सोपं. पण आयुष्यभर डी, ई, जी शोधलेल्या माणसाला सोपं सापडत नाही. घोटाळा पुढे होतो. काही सीड्या दोन्ही जातींच्या कंप्युटरांसाठी एकत्र बनवलेल्या असत. त्यांच्यात दोन वेगवेगळ्या याद्या असतात : विंडोज वाचते ती एक, मॅक वाचतो ती दुसरी. बनवणाऱ्याने बोनसचं फोल्डर एकाच यादीत नोंदवलं असेल तर वडिलांना दिसलेली फाइल मुलाला दिसत नाही, आणि फोनवर दोघंही खरं बोलत असतात. यावरून घरात झालेल्या वादाची जबाबदारी कोणी घेत नाही.

उलटही होतं. मुद्रणाच्या आणि डिझाइनच्या धंद्यात मॅक फार, त्यामुळे पुस्तकाची सीडीही तिथेच तयार व्हायची. मॅक प्रत्येक फाइलीसोबत स्वतःच्या सोयीची एक चिटोरी जोडतो, तिचं नाव टिंब आणि अधोरेखेने सुरू होतं. मॅकवर ती लपलेली राहते, विंडोजवर उघडी पडते. गिऱ्हाइकाला फाइली दुप्पट दिसतात. पाठाच्या वीस फाइली, आणि नावापुढे टिंब असलेल्या आणखी वीस. ‘हाच बोनस असंल’ म्हणून तो त्या वीस फाइली नीट वेगळ्या काढून पेनड्राइव्हवर घेऊन येतो. एकही उघडत नाही. खरा बोनस ‘एक्स्ट्रा’ नावाच्या फोल्डरमध्ये निवांत पडलेला असतो. तो त्याने आणलेला नसतो, कारण त्यावर बोनस असं कुठे लिहिलं होतं?

मॅकमधून सीडी बाहेर काढणं हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या पद्धतीत सीडीचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यावर नेलं की ती बाहेर येई. ‘कचऱ्यात टाका’ असं फोनवर सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरते, ती सीडीची किंमत किती होती त्यावर अवलंबून असते.

गाण्यांच्या सीडीत बोनस शोधणं याहून अवघड. अशा सीडीत विंडोज प्रत्येक गाण्यासाठी ‘सीडीए’ प्रकारची एक फाइल दाखवते. ती अवघी ४४ बाइटची असते. गाणं तिच्यात नसतंच, गाणं चकतीवर कुठे सुरू होतं एवढाच पत्ता असतो. गावोगावच्या लोकांनी या फाइली हौसेने हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या, मूळ सीडी मेहुण्याला देऊन टाकली आणि मग ‘गाणी वाजत नाहीत, व्हायरस आला’ म्हणून कंप्युटर दुकानात आणला. तीच सीडी मॅकमध्ये टाका, पूर्ण गाण्याच्या भल्यामोठ्या फाइली दिसतात. आणि लिनक्सच्या केडीई नावाच्या पडद्यावर तर याच सीडीत एमपीथ्रीचं फोल्डर, फ्लॅकचं फोल्डर, ऑगचं फोल्डर अशी रांग दिसते. यातलं एकही सीडीवर नसतं! तुम्ही ओढून घ्याल तेव्हा त्या प्रकारात बदलून देऊ, असं ते आश्वासन असतं. निवडणूक नसताना दिलेलं आणि तरीही पाळलं जाणारं.

लिनक्स आलापल्लीत कुठून आलं, असं वाटेल. पोस्टाने. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९०च्या दशकातच लिनक्सच्या सीड्या वाटल्या होत्या, आणि लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबंटूचे लोक २००५ ते २०११ या काळात जगात कुठल्याही पत्त्यावर फुकट सीडी पाठवत असत. नाव-पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी पाकीट दारात. केंद्र सरकारनेही २००५ पासून भारतीय भाषांचे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर असलेल्या सीड्या मोफत वाटल्या. आधी तमिळची आली, मग हिंदीची, मग इतर भाषांच्या. रस्ता खराब असेल, टॉवर बंद असेल, पण पोस्टमन येतोच.

आता गाण्यांच्या सीडीत जादा फाइली असतात कुठे? हे आलापल्लीकराला समजावणं सगळ्यात सोपं. या गावाचं नाव सागवानामुळे आहे. इथल्या सहा हेक्टर जुन्या जंगलाला २०१४मध्ये राज्यातल्या पहिल्या जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सागाच्या ओंडक्याची कापलेली चकती ज्याने पाहिली आहे त्याला सीडी कळते. झाड मधून बाहेर वाढतं, सगळ्यात जुनं वर्तुळ गाभ्याजवळ. सीडीही आतून बाहेर लिहिली जाते. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत जाई, ही त्याच्या उलट. १९९५मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे अशा सीडीत गाणी आतल्या भागात आणि कंप्युटरच्या फाइली त्याबाहेरच्या भागात, वेगळ्या हप्त्यात लिहिलेल्या असतात. टेपरेकॉर्डरवजा सीडी प्लेअर फक्त आतला हप्ता वाजवतो. जुने कंप्युटर ड्राइव्हही तिथेच थांबत. दुकानदार तर घरी बनवलेली सीडी ड्राइव्हमध्ये टाकण्याआधी उन्हात तिरपी धरून बघतो. लिहिलेल्या भागाचा रंग किंचित वेगळा दिसतो, दोन हप्त्यांमधली रेघही दिसते. ‘बाहेर आणखी एक कडं आहे, म्हणजे आहे काहीतरी,’ असं तो सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाला तो पंचाक्षरी वाटतो. त्याने फक्त डोळे वापरलेले असतात.

या बाहेरच्या कड्याने मोठमोठ्यांना नाचवलं आहे. २००२मध्ये सोनीने युरोपात सेलीन डिऑनच्या अल्बमच्या सीड्या ‘की टू ऑडिओ’ नावाचं नक्कलबंदीचं कुलूप घालून विकल्या. कुलूप म्हणजे बाहेरच्या कडेला लिहिलेला एक खोटा हप्ता. कंप्युटर तो वाचायला जाई आणि गोंधळून बसे. काही आयमॅकमध्ये तर चकती अडकूनच राहिली. या कोट्यवधींच्या बंदोबस्ताला लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे चकतीच्या बाहेरच्या कडेवर मार्कर पेनने रेघ ओढणे. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनच्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की दुसऱ्या एका कंपनीचं कुलूप सीडी टाकताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की उघडतं. कंपनीने खटल्याची धमकी दिली आणि मग मागे घेतली. २००५मध्ये सोनी बीएमजीने सुमारे पन्नास अल्बमांच्या सीड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं की ते विंडोजमध्ये लपून बसे. बोभाटा झाला, सीड्या परत मागवाव्या लागल्या. गिऱ्हाइकाने न मागितलेला आणि शोधूनही न सापडणारा बोनस म्हणून याचा पहिला नंबर लागेल.

शिफ्टचं बटण कामी येण्याचं कारण ‘आपोआप’. विंडोज ९५पासून सीडी टाकताच तिच्यातला कार्यक्रम आपोआप सुरू व्हायची सोय झाली. पत्रकं लिहिणाऱ्यांना ती इतकी आवडली की पुढच्या सूचना लिहायचंच त्यांनी सोडून दिलं. मग पेनड्राइव्हमधून व्हायरसही आपोआप सुरू होऊ लागले. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली. त्याआधीच शाळांतून आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून शहाण्या माणसांनी ती सरसकट बंद करून टाकली होती. सीडी आत जाते, घरघरते, गप्प होते. गिऱ्हाईक आपोआप काही होण्याची वाट बघत बसतं.

सापडलेली फाइल ओळखू येईल याचीही खात्री नाही. १९८८च्या मूळ नियमाच्या सगळ्यात कडक पातळीत सीडीवरच्या फाइलीच्या नावाला रोमन आठ अक्षरांची मर्यादा होती. एटापल्ली आठात बसतं, सिरोंचा बसतं, मुलचेरा बसतं. भामरागड नऊ, म्हणजे बाद. गडचिरोली दहा, त्याचे पहिल्या सहा अक्षरांवर पाय तोडून पुढे एक वळवळती रेघ आणि १ असं काहीतरी होतं. आलापल्लीचं दैव स्पेलिंगवर अवलंबून. सुरुवातीला एकच ‘एल’ लिहिला तर गाव पूर्ण मावतं, दोन लिहिले तर त्याचीही गत भामरागडसारखी. गावाच्या पाटीवर दोन्ही स्पेलिंगं दिसतात, त्यामुळे भांडण मिटत नाही. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टने लांब नावांची सोय केली, पण जुन्या सीड्या जुन्याच राहिल्या.

आणि मराठी! फाइल सापडली, नाव ओळखलं, उघडली, तर आत डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोपी घातलेली ओ-यू. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सीडॅकचं आयएसएम अशी प्रत्येकाची अक्षरं साठवण्याची स्वतंत्र रीत होती. फॉन्ट त्याच सीडीत दिलेला असतो, पण तो बोनसच्या फोल्डरमध्ये; आणि तिथे कसं जायचं हे सांगणारी फाइल त्याच फॉन्टमध्ये. एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसावी म्हणून एक खूण करावी लागे, आणि ती केली की एक्सपी म्हणे, ‘माझी मूळ सीडी टाका.’ चार वाट्यांच्या त्या असेंबल्ड कंप्युटरबरोबर एक्सपीची मूळ सीडी आली होती का, हा प्रश्न सभ्य दुकानदार विचारत नाही.

सगळाच बोनस गमतीचा नसतो. माहिती अधिकाराच्या केंद्रीय नियमांत ‘डिस्केट किंवा फ्लॉपी’तल्या माहितीसाठी ५० रुपये शुल्क लिहिलं आहे. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी अहवालाच्या छापील प्रतींइतक्याच इलेक्ट्रॉनिक प्रतीही द्याव्या लागतात. वनजिल्ह्यात अशा चकत्या हातोहात फिरतात, आणि त्यांत खरं महत्त्वाचं असतं ते परिशिष्टांत. नकाशाची ‘शेप फाइल’ ही एक फाइल नसतेच. किमान तीन एकत्र लागतात. सर्वांत मोठी तेवढी उचलून आणलेला माणूस गावाची हद्द बघायला येतो आणि रिकामा पडदा बघून जातो. इथे मात्र दुकानदाराने हसू नये आणि सहसा हसत नाही. तो पेनड्राइव्ह परत देतो आणि सांगतो, ‘अख्खं फोल्डर आणा जी.’

एवढ्यात वीज जाते. ट्रे बंद, सीडी आत, गिऱ्हाइकाची गाडी सुटायच्या बेतात. ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीएवढं भोक असतं. त्यात सरळ केलेली यू-पिन खुपसली की ट्रे बाहेर येतो. हे सूचनापत्रकात नसतं आणि आलापल्लीत सगळ्यांना येतं. चकती गिळून टाकणाऱ्या फटीच्या अनेक मॅकना असं भोकही नसे.

२००८मध्ये ॲपलने मॅकबुक एअर काढला त्यात सीडीची जागाच नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या शाळेत आलेल्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपलाही नव्हती. आता नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह शोधूनही मिळत नाही. ज्या मोजर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घरोघरी सिनेमे पोचवले, ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. पाठ्यपुस्तकांतला बोनस क्यूआर कोडमध्ये गेला. कोड सगळ्या फोनवर सारखाच दिसतो, ही सुधारणा खरीच. पुढचं नेटवर्कच्या मर्जीवर. आलापल्लीतल्या दुकानात मात्र टेबलाखाली ड्राइव्हवाला एक जुना कंप्युटर अजून ठेवलेला असतो, ‘लागतो जी कधीकधी’ म्हणून.

तेव्हा ज्यांच्या कपाटात अशी पाकिटं पडून आहेत त्यांनी ती लवकर बाहेर काढावीत. घरी लिहिलेली सीडी ऊन आणि उष्णतेने खराब होते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत या दोन्हींची कमी नाही. आपण जिच्यावर बॉलपेनने नाव कोरतो तीच बाजू जास्त नाजूक. चमकणारा थर तिच्या लगेच खाली असतो. ड्राइव्ह चालू असलेलं दुकान गाठा, एकेक फाइल न निवडता सगळी चकती उतरवून घ्या, फॉन्टचं फोल्डर वगळू नका, आणि सीडी कुठल्या कंप्युटरवर बनवली होती ते आठवत असेल तर दुकानदाराला आधीच सांगा. शिवाय त्या कामाचे पैसे द्या. फलकावर लिहिलेलं नसलं तरी.